सिमाकोसची वाम आणि माझा बिनचूक युक्तिवाद

कोपाय मुक्कामी तीर्थस्वरूप निकान्दरमामांच्या पायांवर अथेन्सहून भाचा आर्खिप्पोस डोकं ठेवतो. तुमच्या गुडघ्याची सूज उतरली का? मामींच्या मधमाश्या यंदा पोळ्यात राहिल्या, की पुन्हा रुसून गेल्या? आईला सांगा की मी दोन्ही वेळा जेवतो, लोकरीचं पांघरूण घेतो आणि नाटकवाल्यांच्या संगतीत नाही. (यातलं निदान पांघरुणाचं खरं आहे.)

मामा, मी निघालो तेव्हा तुम्ही विचारलं होतंत, ‘तर्कशास्त्र शिकून करणार काय?’ आता सविस्तर उत्तर देतो, कारण त्या शास्त्रापायी मागच्या आठवड्यात माझी सगळ्या गल्लीत शोभा झाली. आमचे गुरुजी दिओक्लैदास रंगीत ओसरीत बसून शिकवतात. त्यांचं म्हणणं असं, की युक्तिवाद बिनचूक असणं वेगळं आणि गोष्ट खरी असणं वेगळं. दगडाला पंख असतील तर दगड उडेल. दगडाला पंख आहेत. म्हणून दगड उडतो. हा युक्तिवाद बिनचूक. दगड उडत नाही, ही दगडाची अडचण. (हे कळायला मला चार महिने लागले. इथले लोक आपल्या बिओशियाकडच्यांना मठ्ठ समजतात; म्हणतात, तिकडच्या माणसाला चार महिने म्हणजे लवकरच.)

तर झालं असं. माझी घरमालकीण फानोमावशी विधवा आहे. तिला मूलबाळ नाही, आहे ती मिर्रा नावाची एक म्हातारी कुत्री, आणि त्या कुत्रीला आहेत तीन दात. शेजारी सिमाकोस परीट. त्याने मुलीच्या होणाऱ्या सासरच्यांना जेवायला बोलावलं होतं आणि त्यासाठी आपल्याच कोपायच्या सरोवरातली एक वाम, सापासारखी लांब आणि माझ्या दंडाएवढी जाड, आमच्या अंगणात सावली असते म्हणून तिथे घंगाळात जिवंत ठेवली होती. फानोमावशी देवळात गेली होती त्या दुपारी वाम गायब झाली. सिमाकोसने मिर्राच्या तोंडाचा वास घेतला (इथले परीट कपडे मुतात तुडवून धुतात; हा माणूस दिवसभर त्यात उभा असतो, तरी नाक शाबूत!) आणि गल्लीभर ओरडत सुटला, ‘कुत्री माझ्या ताब्यात द्या, गळ्यात धोंडा बांधून समुद्रात टाकतो!’ मावशी कुत्रीला उराशी धरून रडायला लागली. रडता रडता मला म्हणाली, ‘अरे, तू एवढा शिकतोस, माझ्या मिर्रासाठी दोन शब्द बोल ना!’ बाईच्या वतीने बोलायला पुरुष हवा, आणि घरात पुरुष मीच.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या वयोवृद्ध पंचांसमोर सगळे जमले. सिमाकोस म्हणाला, ‘कुत्रीने वाम खाल्ली असेल तर तिच्या तोंडाला माशाचा वास येईल. वास येतो. म्हणून तिनेच खाल्ली.’ मामा, माझ्या अंगावर काटा आला! दोन वर्षं ज्या चुकीची वाट पाहत होतो, ती माझ्यासमोर दोन पायांवर उभी होती. मी पुढे झालो. म्हटलं, ‘पंच, माणूस प्यालेला असेल तर पडतो. काल सिमाकोस अंगणात पडला. म्हणून तो प्यालेला होता, असं म्हणायचं का?’ दारातून त्याची बायको म्हणाली, ‘होताच मुळी!’ लोक हसले, माझं उदाहरण वाया गेलं, पण पंचांना मुद्दा कळला. पहिल्यावरून दुसरं येतं, दुसऱ्यावरून पहिलं येत नाही. माशाचा वास हजार वाटांनी येऊ शकतो. मी तिथेच थांबायला हवं होतं. पण लोक माना डोलवत होते, मावशी डोळे पुसत होती, आणि समोरून गुरुजी कांद्याची जुडी घेऊन चालले होते. त्यांना मीच हाक मारून थांबवलं. मग आवाज चढवून सांगितलं, ‘त्या दुपारी घरात मी आणि मिर्रा, तिसरं कोणी नव्हतं, अंगणाचं दारही आतून बंद होतं. मिर्रा सारा वेळ चुलीपाशी झोपली होती, मी शपथेवर सांगतो. कुत्रीने वाम चोरली नाही!’

सिमाकोस बराच वेळ बोटं मोजत राहिला. मग हळूच म्हणाला, ‘एक तर कुत्रीने खाल्ली, नाही तर याने. कुत्रीने खाल्ली नाही. मग?’

‘मग याने!’ अख्खी गल्ली एका सुरात म्हणाली.

मी आशेने गुरुजींकडे पाहिलं. त्यांनी कांदे खाली ठेवले, डोळे मिटले आणि म्हणाले, ‘बिनचूक. दोन वर्षांत या आर्खिप्पोसने एकदाही इतकी स्वच्छ मांडणी केली नाही.’ पंचांनी निकाल दिला की सोयऱ्यांचं जेवण पौर्णिमेवर ढकलावं आणि तोवर मी तशीच वाम आणून द्यावी. सिमाकोस आता रोज ओसरीत येतो, पुढच्या रांगेत बसतो, आणि गुरुजी मला म्हणतात, ‘जरा सरक, त्याला दिसत नाही.’ असा एका निर्दोष माणसाचा शास्त्राने घात केला. मामींना नमस्कार, धाकट्यांना गोड पापा.

तुमचा आज्ञाधारक,
आर्खिप्पोस

ता.क. हे पत्र आणणारा खेचरवाला परवा परत निघेल. त्याच्याबरोबर एक जाडशी वाम, ओल्या बीटच्या पानांत गुंडाळून, पौर्णिमेच्या आत पाठवावी.

ता.क. दुसरा. मामा, तुमच्याशी खोटं बोलवत नाही. वाम मीच खाल्ली. घंगाळात ती आपल्याकडच्यासारखी वळवळली आणि मला आईची चूल आठवली. डोकं मिर्राला दिलं, म्हणून तो वास. तिच्या गळ्यात धोंडा बांधणार म्हटल्यावर मी कबूल करायला हवं होतं. तेवढी छाती नव्हती, म्हणून युक्तिवाद केला. मावशीला मात्र काल सांगून टाकलं. ती म्हणाली, ‘ते मला चुलीतल्या काट्यांवरून तेव्हाच कळलं होतं. पण तू बोलत छान होतास.’

ता.क. तिसरा. एक नको, दोन पाठवा. एकच पाठवलीत तर ती सिमाकोसकडे पोचेल, हे मला कोणत्याही रीतीने सिद्ध करता येत नाही.