लक्ष ठेवायला घेतलेली खोली

मी, खाली सही करणारी बाई, वय चौऱ्याऐंशी, धंदा कुलूप-किल्लीचा, आता बंद, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे आणि तो मी दोनदा वाचून घेतला, कारण डॉक्टर झाला तरी माणूसच. मला कोणी भरीस घातलेलं नाही. तेवढी छाती आमच्याकडे कोणाची नाही, हे साक्षीदारही सांगतील.

१. मागच्या वर्षी केलेलं मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करते. त्यात थोरल्या मुलाला मी काहीच ठेवलं नव्हतं. ते तसं का केलं आणि आता का फिरवलं, हे लिहिण्याची गरज नाही असं वकीलबाईंचं मत आहे. माझ्या मते आहे. नाहीतर माझ्या पश्चात लोक म्हणतील, म्हातारीला कोणीतरी गुंडाळलं.

२. दुकानाविषयी. यजमान गेले तेव्हा थोरला शाळेत होता आणि धाकटी कडेवर. तेव्हा मी कानस हातात घेतली. या धंद्यात माणूस संशयी होतो. जोडकिल्ली करून मागणारे अर्धे लोक ती कोणाच्या दाराची हे खरं सांगत नाहीत. मी आधी तोंडाकडे बघायची, मग किल्लीकडे.

पुढे थोरल्याने दुकान सांभाळलं. त्याचा हात माझ्यापेक्षा हलका. अशा माणसाने केलेल्या किल्ल्या परत यायला लागल्या. कुठे अडकते, कुठे फिरतच नाही. विचारलं तर म्हणायचा, "हल्ली मालच हलका येतो, आई." मला ते पटेना. शेजारच्या खिळेवाल्याचा आमच्या दुकानावर यजमानांच्या वेळेपासून डोळा. मी मनाशी गणित मांडलं की थोरला मुद्दाम धंदा बुडवतोय आणि उद्या दुकान खिळेवाल्याच्या घशात घालणार. त्यातून तो माझ्याजवळ बसला की उजवा हात खिशात ठेवायचा. माझ्यासमोर चहा घ्यायचाही बंद झाला. हात खिशात घालून बसणारा माणूस काहीतरी लपवत असतो. तेवढं मी बरोबर ओळखलं होतं.

सदर दुकान विकावं, पण खिळेवाल्याला, त्याच्या मुलांना किंवा त्यांनी पुढे केलेल्या कोणालाही विकू नये. विकत घेणारा फार गोड बोलायला लागला तर व्यवहार तिथेच थांबवावा.

३. राहत्या घराविषयी. एका रविवारी थोरल्याने माझ्यासमोर एक रंगीत पुस्तिका ठेवली. ज्येष्ठांसाठी निवास, तीन इमारती. पहिलीत आपली आपण राहणारी माणसं. दुसरीत आंघोळीला, जेवायला, उठायला-बसायला मदत लागणारी. तिसरीत अंथरुणाला खिळलेली, त्यांच्याजवळ रात्रंदिवस नर्स. एकदा तिथे गेलं की पुढे काहीही झालं तरी जागा सोडावी लागत नाही. पहिल्या दोन इमारतींचे फोटो होते, तिसरीचा नव्हता. ते मी लगेच हेरलं.

"सवडीने बघ," तो म्हणाला. "मग बोलू."

सून भांडी पुसत होती. तिने मान वर केली नाही. मी धाकटीला फोन लावला. ती दूर राहते, पण मत लगेच देते. "दादा तुला हलवतोय, दुसरं काय," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी वकीलबाईंकडे गेले आणि ते मागचं मृत्युपत्र केलं.

मग मीच थोरल्याला म्हटलं, चल, दाखव तुझी जागा. मनात होतं की तिथल्या लोकांसमोरच याचं पितळ उघडं पाडायचं.

कार्यालयात एक नर्सबाई बसली होती. तिने कागद पुढे ओढला आणि विचारलं, "राहणार कोण?"

मी म्हटलं, "लिहा, वय चौऱ्याऐंशी."

"आई, थांब," थोरला म्हणाला. "एकसष्ट लिहा. मी राहणार आहे."

मला वाटलं, आता हा नवीन काय खेळ. तेव्हा त्याने खिशातून हात काढून टेबलावर ठेवला. तो हात थांबत नव्हता. त्याने दुसऱ्या हाताने तो दाबून धरला, तर दोन्ही हलायला लागले.

"कंपवात आहे," तो म्हणाला. "वर्ष झालं. वाढत जाणारा आहे. तुझ्या सुनेची नोकरी अजून बाकी आहे, तिने ती माझ्यापायी सोडावी असं मला वाटत नाही. आणि दर दोन वर्षांनी नवी जागा शोधत फिरायला मला जमणार नाही. आधी दोन ठिकाणं बघितली. एकाची बाग छान आहे, पण माणूस अंथरुणाला लागला की घरी न्या म्हणतात."

"मग मला कशाला आणलंस?"

"तुला आवडली नाही तर मी येणार नाही, म्हणून."

"आणि मी कुठे राहणार?"

"घरीच. तुझं काय बिघडलंय?"

मी नर्सबाईंना म्हटलं, तिसरी इमारत दाखवा. ती म्हणाली, आतल्या लोकांना त्रास होतो, फोटोही म्हणूनच काढत नाही. मी म्हटलं, मी गाणं म्हणत जाणार नाही. तिथल्या दारांच्या कड्या मी हाताने बघितल्या. कडी आतून लागते, बाहेरून कोंडता येत नाही. अडलं तर नर्सबाईंना बाहेरून उघडता येते. खिडकीजवळ एक गृहस्थ झोपले होते, त्यांची दाढी केलेली होती आणि नखं कापलेली होती. तरी माझी खात्री पटली असं समजू नये. परत येऊन मी म्हटलं, पहिल्या इमारतीत मलाही एक खोली हवी.

"तुला कशाला?" थोरल्याने विचारलं.

"लक्ष ठेवायला."

"माझ्यावर?"

"यांच्यावर."

सबब राहतं घर थोरला आणि सून यांच्या समान मालकीचं राहील. सुनेला त्याच्या दुखण्याचं माहीत होतं आणि ती वर्षभर माझ्यासमोर तोंडाला कुलूप लावून वावरली. मी तिला त्या वर्षात काय काय बोलले ते तिला पाठ असेल. इतकं पक्कं कुलूप मी जन्मात विकलं नाही.

४. बँकेतली शिल्लक आणि माझे दागिने धाकटीला द्यावेत. फोनवर तिने आगीत तेल ओतलं, पण आग माझी होती. एकच अट. वर्षातून एकदा तिने इथे येऊन दादाजवळ दिवसभर बसावं, आणि मत विचारल्याशिवाय देऊ नये.

५. किल्ली कापायचं यंत्र विकावं. लाकडी मुठीची बारीक कानस मात्र थोरल्याच्या खोलीत राहील. धोकादायक वस्तू म्हणून ती कोणी उचलू नये. यावरून माझं आणि नर्सबाईंचं एकदा वाजलेलं आहे.

६. आलो तेव्हा दोघंही पहिल्या इमारतीत होतो; दोन महिने झाले, थोरला दुसऱ्या इमारतीत आहे. मी अजून पहिलीतच. सकाळी जाऊन त्याच्या शर्टाची बटणं मी लावते. मदतनीस लावते तेव्हा एक काज चुकवते. तिसऱ्या इमारतीत हलवायची वेळ आली, तर आधी त्याला विचारावं, मग सुनेला, आणि मी असेन तर मला. "सगळ्यांच्या सोयीसाठी" असं कोणी म्हणालं, तर ती सोय कोणाची ते कागदावर लिहून घ्यावं. वकीलबाई म्हणतात, मृत्युपत्रात हे बसत नाही, त्याचा वेगळा कागद करू. तो केला आहे. इथेही राहू दे.

७. हे कलम मला लिहायचं नव्हतं. वकीलबाई म्हणाल्या, मुलगा तुमच्या आधी गेला तर काय, ते लिहावंच लागेल, नाहीतर कागद लंगडा राहतो. मी म्हटलं, राहू दे लंगडा. शेवटी त्या थोरल्याशीच जाऊन बोलल्या. तो आता हळू आणि अडखळत बोलतो, पण शब्द चुकवत नाही.

"लिही, आई," तो म्हणाला. "मी सांगतो तसं."

त्याने सांगितलं ते असं : "मी आईच्या आधी गेलो, तर माझा वाटा माझ्या बायकोला जावा. आईने तिच्याकडे घरी राहायला जावं आणि तिच्यावर संशय घेऊ नये."

शेवटच्या वाक्याला मी हरकत घेतली. तो म्हणाला, "तेवढं राहू दे." ते राहू दिलं आहे. या कलमातलं अक्षर माझं आहे, शब्द त्याचे. हे कलम वापरण्याची वेळ कधीच येऊ नये, अशी माझी इच्छा आहे. इच्छेला कायद्यात वजन नसतं, हे मला सांगून झालं आहे. तरी ती लिहिलेली असावी.

वरील सर्व मी लिहिलं, वाचलं, आणि थोरल्याला वाचून दाखवलं.

सही : थोरल्याची आई

साक्षीदार, दोघांनाही यातून काही मिळणार नाही याची खात्री करून घेतली आहे :
१. शेजारच्या खोलीतले निवृत्त लिफ्ट-मिस्त्री (सही)
२. दिवसपाळीच्या नर्सबाई (सही, कानशीबद्दलची हरकत त्यांनी मागे घेतली आहे)

स्थळ : दुसरी इमारत, थोरल्याची खोली
तारीख : चौदा, महिना अकरावा