दहा महिने की दोन वर्षं

३ मार्च

तिसरंही पत्र आलं! परदेशात तीन अर्ज, तिन्हीकडे प्रवेश. साहेब स्वतः माझ्या टेबलाशी आले, हात मिळवला, म्हणाले, "आता आमचे प्रीमियम कोण काढणार?" सगळे हसले. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. आनंदाने नव्हे.

एकीकडूनही बोलावणं आलं नसतं तर सुटले असते. आता निवडायचं आलं. १५ एप्रिलपर्यंत.

५ मार्च

विद्यापीठांची नावं घरी कुणाच्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून आईने शिवणयंत्रावर बसल्या बसल्या तिघांना नावं पाडली. बडं, झटपट आणि फुकटं.

बडं दोन वर्षांचं. नाव एवढं मोठं की साहेबांचाही चेहरा बदलतो. मधल्या उन्हाळ्यात तीन महिने एखाद्या कंपनीत काम करायचं, आणि बहुधा तीच कंपनी पुढे नोकरी देते. सगळी गंमत त्या उन्हाळ्यात आहे. झटपट दहा महिन्यांचं. मधला उन्हाळाच नाही! कोर्स संपल्यावर नोकरी मिळाली तर मिळाली, नाहीतर सामान बांधा. फुकटं म्हणजे शिष्यवृत्ती, पण अडीच वर्षं आणि नुसतं गणित.

आई म्हणाली, "पण तू नक्की शिकणार काय गं?"

बाजारातला धोका आकड्यांनी मोजायला, म्हटलं.

"मग सात वर्षं काय करतेयस?"

विमा कंपनीत माणसांचा धोका मोजतेय. कोणत्या वयाचा माणूस अजून किती जगेल, त्याचे तक्ते.

"त्यापेक्षा बाजार बरा," म्हणाली आणि पुन्हा पायपट्टी दाबायला लागली. आतल्या खोलीत बाबा खोकत होते. 

६ मार्च

काल मुद्द्याचं लिहायचं टाळलं. लिहिते.

ऑक्टोबरात कॅन्सरमुळे बाबांच्या फुप्फुसाचा तुकडा काढला. जानेवारीच्या स्कॅनमध्ये त्याच जागी एक ठिपका दिसला. डॉक्टर म्हणाले, "टाक्यांचा व्रण असेल, नाहीतर परत आलं असेल. पुढच्या स्कॅनला कळेल." पुढचा रिपोर्ट २४ एप्रिलला.

मला उत्तर द्यायचंय १५ला. नऊ दिवस आधी. नऊ!

९ मार्च

रविवार. सगळा दिवस संगणकावर तक्ता केला. ओळींत तीन कोर्स, रकान्यांत नोकरीची शक्यता, खर्च, शिक्षक, घरभाडं, थंडी. प्रत्येकाला वजन. बडं पुढे होतं. बराच वेळ बघत बसले. मग शेवटी एक रकाना वाढवला आणि डोक्यावर नुसतं 'ब' लिहिलं.

मी परत येईन तेव्हा बाबा असण्याची शक्यता.

ऑफिसचाच तक्ता घेतला. वय ६४. त्यावर आजाराचा गुणक लावला, तो ठिपका धरून. रोज शंभर अनोळखी माणसांचं हेच करते, कधी हात थबकला नाही. झटपट ७९ टक्के. बडं ५८. फुकटं ५१.

स्वतःशी ठरवलं, पन्नासच्या वर आहे ना? मग बडं. पन्नासची रेघ कुणी मारली? मीच. का मारली ते मला पक्कं ठाऊक आहे.

१४ मार्च

बड्यात शिकून आलेल्या सीनियरला फोन केला. "त्यांच्या माहितीपत्रकात ब्याण्णव टक्क्यांना नोकरी लिहिलंय," म्हटलं. तो हसतच सुटला. "ज्यांनी फॉर्म भरून पाठवला त्यांच्यातले ब्याण्णव! नोकरी न लागलेला कशाला भरतोय फॉर्म? आणि आपल्यासारख्या बाहेरच्यांची कामाच्या परवान्याची सोडत निघते. डोकं कितीही चालव, चिठ्ठी निघायला हवी."

मग घ्यावं की नाही?

"घे ना. डोळे मिटून घे. झटपटवाल्यांना सोडतीपर्यंत पोहोचायलाही जमत नाही. माझ्या ओळखीचे दोघं होते, दोघंही परत."

बाबांबद्दल सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काय म्हणाला असता? काहीच नाही. कोण काय म्हणणार?

१९ मार्च

बड्याला पत्र लिहिलं. घरच्या आजारपणामुळे नऊ दिवसांची मुदत मिळेल का? चार वेळा खोडलं. 'कृपया' जास्त झाले की भीक मागितल्यासारखं वाटतं, कमी झाले की उर्मट.

२१ मार्च

उत्तर आलं. आपल्या परिस्थितीची आम्हाला जाणीव आहे, तथापि सर्व उमेदवारांना समान नियम. तथापि! त्या एका शब्दासाठी कुणाचं तरी डोकं फोडावंसं वाटलं.

२६ मार्च

घात झाला.

तक्ता छापून घरी आणला होता. 'ब'चा रकाना लपवायचा होता, तो राहिला. कागद जेवणाच्या टेबलावर. बाबांनी आयुष्यभर जमिनी मोजल्या आणि दुसऱ्यांच्या मोजण्या तपासल्या. घरात कागद दिसला की त्यांच्या हातात आपोआप पेन्सिल येते, मग ते लाईटचं बिल असो की लग्नाची पत्रिका.

मी कपडे बदलून आले तर चष्मा लावून बसलेले.

"हा 'ब' कोण?"

बँक, म्हटलं. कर्ज मिळायची शक्यता.

"हं," म्हणाले. कागद माझ्यापुढे सरकवला आणि औषध घ्यायला उठले.

खाली मी बारीक अक्षरात 'वय ६४' लिहिलं होतं. त्यावर पेन्सिलीने काट मारलेली. शेजारी त्यांच्या सुबक आकड्यांत '६७'. आणि पुढे: 'शाळेतली तारीख मास्तरांनी अंदाजे टाकली. तीन वर्षं कमी लागली.'

मी तिथेच बसून राहिले. रागवले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझी चूक दुरुस्त केली!

२७ मार्च

६७ घालून पुन्हा काढलं. बडं ४९.

एकोणपन्नास.

३० मार्च

आईला कळलं. कसं ते विचारायची सोय नाही, टेबल पुसताना कागद बघितला असेल. दोघांनाही समोर उभं केलं. गळ्यात शिवणाची फीत, हातात कात्री, आणि आवाज शेजारपाजाऱ्यांपर्यंत. "जिवंत माणसाचे टक्के काढता? आणि हे वर तपासून देतात! बापलेकींना लाज कशी नाही वाटत?"

बाबा म्हणाले, "अगं, आकडा चुकला होता."

"चुकू दे की! तुम्हाला कुणी सांगितलं होतं बरोबर करायला?"

बाबा खाली बघून हसले. मलाही हसू फुटलं. मग आई रडायला लागली आणि आमचं दोघांचं हसू तोंडातल्या तोंडात गेलं. किती वाईट घर आहे हे. किती चांगलंही आहे.

४ एप्रिल

ऑफिसातून डॉक्टरांना फोन केला. स्कॅन आधी करता येईल? "करता येईल, पण इतक्यात केला तर ठिपका ठिपकाच दिसेल. थोडा वेळ जाऊ द्यावाच लागतो. एवढी घाई कसली आहे?"

काही नाही, म्हटलं.

७ एप्रिल

जेवत नाही, झोपत नाही, कामात चुका. आज एका माणसाला एकशे बारा वर्षांचा केला. साहेबांनी आत बोलावलं. "शिफारसपत्र मी तुझ्यासाठी जीव तोडून लिहिलंय. बडं सोडलंस तर मूर्ख म्हणेन."

म्हणा.

आपण स्वतःचा किती तिरस्कार करू शकतो याचा काही तक्ता नाही. बाबांकडे बघताना हल्ली मी त्यांना बघतच नाही. त्यांचा श्वास मोजते. जिन्यावर कितव्या पायरीला थांबले ते बघते. त्यांना ते कळतं. परवा सातव्या पायरीला थांबून म्हणाले, "लिहून घे."

११ एप्रिल

बाल्कनीत दोघंच होतो.

"बडं घे," बाबा म्हणाले.

तुम्हीच तर ६७ लिहिलंत, म्हटलं. नसतं लिहिलंत तर मी केव्हाच घेतलं असतं.

"चुकीचा आकडा दिसल्यावर गप्प बसवत नाही मला. म्हणून काय तू त्या आकड्यावर जायचं?"

मग कशावर जायचं, बाबा? मला दुसरं काय येतं?

 त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात फार हलका झालाय.

१४ एप्रिल

उद्या.

१५ एप्रिल

झटपट.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत पाठवलं. आधी झटपटला होकार, मग फुकट्याला नकार, शेवटी बड्याला. बड्याच्या पानावर विचारतात: 'आपण नक्की नकार देत आहात का? हा निर्णय बदलता येणार नाही.' खाली कारण लिहायला चौकोन. रिकामा सोडला.

घरी येऊन सांगितलं. आई माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. बाबा म्हणाले, "दहा महिने म्हणजे फेब्रु... नाही, ऑगस्टपासून धरायचे, जून. जूनला येशील." बोटांवर मोजत होते. आनंद लपवत होते आणि तो लपत नव्हता. तेवढ्यासाठी तरी बरं केलं असं वाटलं. पाच मिनिटं वाटलं.

मग आत येऊन दार लावलं. सात वर्षं त्या एका नावासाठी घासली. ऑफिस सुटल्यावर क्लास, सुट्टीच्या दिवशी परीक्षा, मैत्रिणींच्या लग्नांना न जाणं. सगळं एका बटणात गेलं. मी चांगली मुलगी आहे. चांगली मुलगी असण्याची किळस येतेय.

१८ एप्रिल

बड्याकडून पत्र: आपली जागा प्रतीक्षा यादीतील उमेदवारास देण्यात आली आहे. पुढील वाटचालीस शुभेच्छा.

२१ एप्रिल

काही नाही. ऑफिस. घर.

२४ एप्रिल

व्रणच होता! ठिपका होता तेवढाच आहे, बाकी फुप्फुस स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, आता एकदम सहा महिन्यांनी या, माणूस ठणठणीत आहे. आई खुर्चीतच ओक्साबोक्शी रडली. बाबांनी सगळ्यांत आधी माझ्याकडे बघितलं.

माझ्या मनात सगळ्यांत आधी काय आलं ते फक्त इथे लिहिते. बडं गेलं. आनंद नंतर आला. खरंच आला, पण नंतर. आणि बाबांनी तेवढ्यात माझा चेहरा बघून घेतला होता.

टॅक्सीत आई पुढे बसली होती. मागे बाबा माझ्या कानाशी वाकले आणि तिला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "माफ कर गं, बाळा."