दोन तोंडांची गाडी

१८ एप्रिल १९९८, शनिवार

पेण स्टँडवर कोणी नाही! पत्रात दोनदा लिहिलं होतं — दादा, गाडी घेऊन ये. तासभर उभा राहिलो. गाडी घेतली त्याला वर्ष झालं, आणि मी घरी आलो एस.टी.नं, पुढं बांधावरून पायी.

गाडी दारातच. आंब्याखाली, वर ताडपत्री. नाथादादा म्हणाला, "बिघडलीय जरा." कधीपासून? "परवापासून." परवा!

गुजरातमध्ये समुद्राकाठी टाक्या बांधतायत, तिथं मी पाण्याचा टँकर चालवतो. धूळ खाऊन जमवलं आणि ही फियाट घेतली. दोन तोंडांची आहे — पेट्रोलवर पण चालते, गॅसवर पण. डॅशबोर्डखाली कॉक आहे. डावीकडं पेट्रोल, उजवीकडं गॅस. ठरलं होतं असं — कोलाडचा ढाबेवाला हॉटेलातला गॅसचा मोठा बाटला देणार, तो डिकीत ठेवून दादा पेण–रोहा शीटा भरून फेऱ्या मारणार. पत्रात वर्षभर तेच. "गाडी झकास, काळजी नको."

आज डिकी उघडली. रिकामी.

"ढाबेवाल्यानं बंद केला," दादा म्हणाला. माझ्याकडं न बघता.

१९ एप्रिल, रविवार

आईनं चहा केला, गॅसवर. मुद्दाम मला बोलवून दाखवलं. शेगडी नुकती दुकानातून आणल्यासारखी! मागल्या वर्षी पेणच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, आईच्या छातीला धूर चालणार नाही, चूल बंद करा. गॅसचा नंबर आधीच लावून ठेवलेला, तो यायला तीन वर्षं गेली होती. आईच्या नावावर घेतला. गाडीच्या आधी तो घेतला, हे मी साइटवर सगळ्यांना सांगतो.

पण आईनं काडी कशी लावली! तोंड फिरवलं, हात लांब केला, चावी आधीच उघडून ठेवलेली. भप्पकन पेटला. ती मागं उडाली. सीता वहिनी पुढं झाली आणि आच बारीक केली.

मी म्हटलं, "आये, वर्ष झालं, अजून भितेस?"

"म्हातारी झाले रं."

हसली. हसता हसता खोकला आला. तो काही थांबेना. वहिनी पाठ चोळत राहिली आणि मी कप धरून उभा.

दुपारी गाडी उघडली. पेट्रोल येतच नाही. कार्बुरेटरच्या वाटीत पिवळा डिंक जमलाय, नखानं खरवडावा लागतो. दोन दिवसांत डिंक होत नाही. एवढं मला कळतं.

२० एप्रिल, सोमवार

पहाटे परत खोकला. साइटवर मशिनींचा एवढा आवाज, तरी मेल्यासारखा झोपतो. इथं नाही झोप.

२१ एप्रिल, मंगळवार

कार्बुरेटर आणि पंप पिशवीत घालून पेणला काळुराम मेस्त्रीकडं गेलो. गाडीला गॅस त्यानंच बसवून दिला होता. पंप उघडला, आतला रबरी पडदा वाळून पापड झालेला. मेस्त्री हसायला लागला.

"जगन, गाडीला दोन बायका केल्यास, तर दोघींकडं जावं लागतं! एकीला वर्षभर तोंड दाखवलं नाय, ती दार उघडंल व्हय?"

"म्हणजे?"

"म्हणजे वर्षात पेट्रोलचा थेंब नाय गेला हिच्या पोटात. मी नाथाला सांगितलं होतं — सकाळची पयली फेरी पेट्रोलवर मार, मग गॅस. ऐकतो कोण!"

म्हटलं, हॉटेलचा बाटला स्वस्त पडत असेल, म्हणून आळस केला असेल.

मेस्त्रीनं पाना खाली ठेवला. "हाटेलचा? डिकीतला पट्टा मी केलाय. घरातल्या लाल बाटल्याच्या मापाचा. हाटेलचा त्यात मावत नाय रं."

परत येताना टमटममध्ये बाजूचा माणूस काहीतरी विचारत होता. काय विचारलं ते आठवत नाही.

घरी आलो तो सरळ स्वयंपाकघरात. ओट्याखाली लाल बाटला. त्याच्या पोटावर रंग उडालेला, दोन पट्टे, चार चार बोटं रुंद. डिकीत जाऊन लोखंडी पट्ट्यावर बोटं ठेवली. चार.

मागल्या पडवीत चूल आहे, तिच्यावर पत्रा टाकून ठेवलाय. पत्रा उचलला. राख काळी नाही, पांढरी. ताजी. मी येणार म्हणून चूल झाकली, बाटला आत आणला, गाडी बंद पाडली!

जेवलो नाही.

२२ एप्रिल, बुधवार

आज बोललो. बोललो कसला, ओरडलो. आख्खी आळी दारात.

दादा जोत्यावर बसून होता. म्हणाला, "व्हय. घरचाच बाटला. मग?"

"आईच्या छातीवर गाडी चालवतोस?"

तो उठला. मला वाटलं मारतो आता. तेवढ्यात शेजारची ठमाबाई मधे आली. तोंडानं फटकळ बाई. माझ्यावरच सुटली — "एकट्या तुझ्या आयचा नाय, माझा पण बाटला जातो! पाच घरांचा जातो. पाळी लावलीय आमी. माझी झाली की सीताची, मंग खालच्या आळीच्या तिघींची."

मला कळेना. पाळी?

मग सगळं बाहेर आलं. ढाबेवाल्यानं बाटला कधी दिलाच नव्हता. एक बाटला गाडीला चार दिवस पुरतो. नवीन मिळायला तीन आठवडे. म्हणून पाच घरांनी आपापले बाटले गाडीला लावले, आणि पाच घरांना गाडी फुकट — बाजार, दवाखाना, बाळंतपण, माहेर. ठमाबाईची सून अडली होती मागच्या भादव्यात, दादानं तिला पेणला पोचवली. पोरगा जगला. त्याला कडेवर घेऊनच ठमाबाई माझ्याशी भांडत होती.

"आन तुमी सगळ्याजणी चुलीवर?"

"जन्म गेला चुलीवर. तवा कुठं व्हता तू?"

हे सगळं ठरवलं कोणी, मी विचारलं. मग आई बोलली, दारातूनच.

"मी."

२३ एप्रिल, गुरुवार

पडदा नवीन बसवला. पेट्रोल घातलं. चार वेळा धक्का मारल्यावर गाडी चालू झाली. धूर, फटफट, मग जमली. नवा पाना हातात असला की मला बरं वाटतं. बाकी काही बरं नाही.

२४ एप्रिल, शुक्रवार

रोह्याला शुक्रवारी छातीचा डॉक्टर बसतो. आईला घेऊन गेलो, पेट्रोलवर, मी स्वतः चालवली. नागोठण्याच्या पुलापर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "गॅसवर जास्त गप चालते."

मी हसलो नाही.

कोलाडला वडा खाल्ला. तिनं अर्धा खाल्ला, अर्धा कागदात बांधला, नाथाला म्हणून. मी म्हटलं त्याला कशाला? "तुजा भाऊ हाय ना? का पडद्यासारखा तो पण बदललास?"

डॉक्टर तरुण होता. नळी लावून बराच वेळ ऐकलं. विचारलं, घरात चूल आहे का?

आई म्हणाली, "नाय ओ. गॅस हाय. या पोरानं घेतला."

अभिमानानं म्हणाली! मी बाजूला उभा.

डॉक्टर म्हणाला, "मग केसांना धुराचा वास कसला येतोय, आजी?"

ती पदर पुढं ओढून बसली. मग मीच सांगितलं सगळं. डॉक्टरनं मान हलवली. दम्याकडं चाललंय म्हणाला. आणखी दोन वर्षं असा धूर घेतला तर बांधावरून चालता येणार नाही. औषध देतो, पण औषध धुराच्या पुढं टिकत नाही.

परत येताना आई म्हणाली, "दवाखान्यात सांगायचं काय अडलं व्हतं तुजं?"

२६ एप्रिल, रविवार

मी ठरवून टाकलं. बाटला घरात राहणार. डिकीतली गॅसची नळी मीच सोडवली, तिचं तोंड कापडानं बांधलं. गाडी पेट्रोलवर. दादानं चावी घेतली आणि गेला.

संध्याकाळी आला. दिवसभर शीटा भरल्या, आणि उरलं ते उद्याचं पेट्रोल घालण्यापुरतं. त्यानं मला पैसे दाखवले नाहीत. टाकीचं झाकण उघडून दाखवलं आणि बंद केलं.

साइटच्या मुकादमाचा निरोप आला. टोळी दोन मेला सकाळी वडखळहून निघणार. परत वर्षभर तिकडं.

मला जायचंय. इथं चार दिवस झाले की अंगाला खाज सुटते. आणि तिथं गेलो की इथली ओढ. माझं हे असंच.

२७ एप्रिल, सोमवार

गाडी उभी. दादा बाहेरच पडला नाही. खालच्या आळीची बाई विचारायला आली, उद्या लेकीला माहेरी आणायची आहे, गाडी हाय ना? वहिनी म्हणाली, जगनला विचारा.

मी परसात निघून गेलो.

२९ एप्रिल, बुधवार

आज दादा बोलला. एवढं बोलताना त्याला मी कधी ऐकलं नव्हतं.

मिठागरावरून माणसं परतत होती. त्यांच्याकडं बोट करून म्हणाला, "तिकडं परत जाऊ? सांग."

मी म्हटलं, तसं मी म्हणालो नाही.

"मग कसं म्हणालास? पंधरा दिवस येतोस आन फौजदारकी करतोस. वर्षभर हितं मी. आयचा खोकला मी ऐकतो, तू नाय. ती बाटला घेऊन डिकीकडं आली ना पयल्या दिवशी, मी नाय म्हटलं. तीनदा नाय म्हटलं. तिनं माझे पाय दाखवले मला."

त्यानं पाय पुढं केले. मिठानं चिरलेले तळवे. भेगांत अजून पांढरं आहे. मिठात चप्पल चालत नाही, वीस वर्षं तो अनवाणी उभा राहिला.

"गाडी आली तवा पयल्यांदा मी चपला घातल्या. तू तिकडून लिवतोस, आयला जप. जप कसं ते पण लिव ना!"

मी काहीतरी वाईट बोललो. काय ते इथं लिहीत नाही. वहिनी रडली.

तो शेवटी एवढंच म्हणाला, "एक वर्ष रहा हितं. मंग शिकव."

३० एप्रिल, गुरुवार

दुपारी पडवीत धूर! धावत गेलो. आई चुलीपुढं, डोळे पुसतेय, भाकरी थापतेय. शेगडी तशीच कोरडी.

"आये! बाटला घरात हाय ना!"

"हाय म्हणूनच. पुरवून वापरते. संपला तर नाथाला वाटंल, माझ्यासाठी गाडी बसली आन बाटला पण गेला."

मी चुलीत पाण्याचा तांब्या ओतला. भाकरी भिजली. आई ओली भाकरी हातात धरून बघत राहिली, मग म्हणाली, "अन्नावर ओतलंस रं?"

तेवढंच. नंतर खोकली.

१ मे, शुक्रवार

कपडे भरले. उद्या वडखळ. दादा दिवसभर दिसला नाही. वहिनी म्हणाली, कुठंतरी गेलाय, बोलला नाय काय.

दुपारी ठमाबाई आली. मला वाटलं पुन्हा भांडायला. म्हणाली, "जातोस?" म्हटलं, जातो. "जा. तुमचं बरं असतं." पोराला कडेवर घेतलं आणि गेली.

आई दिवसभर माझ्यासाठी तांदळाच्या पापड्या तळत होती. गॅसवर. मला दिसावं म्हणून दार सताड उघडं ठेवून.

जावं वाटतंय. आणि जाऊन कुणाला तोंड दाखवायचं नाही असं पण वाटतंय. गाडी इथंच पेट्रोलवर सोडून गेलो तर दादा मिठात. गॅसवर सोडून गेलो तर आई धुरात. माझ्या डोक्यात तिसरी वाट येत नाही.

२ मे, शनिवार

उठलो तर नाथादादा नाही! मुकादमाच्या टोळीत माझ्या जागी गेला. वहिनीला सांगून गेला — मुकादमाला माणूस पाहिजे, नाव कुठलं का असंना. गाडीची चावी माझ्या उशाशी.

सात वाजता ठमाबाई दारात. डोक्यावर भरलेला बाटला, मान ताठ, आई मागून आधार देतेय.

"जगन, आज माझी पाळी. सुनेला रोह्याला सोडायचंय. डिकी उघड."

उघडली.