माझी अक्षरे आणि हरिओमवरचा आळ

मी, रामलिंग मडिवाळप्पा चिल्लरगे, वय वर्षे ७८, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, धंदा बोर्ड रंगविणे, राहणार उदगीर, जिल्हा लातूर, माझ्या पश्चात काय व्हावे हे स्वतःच्या हाताने व कोणाच्याही दडपणाविना लिहून ठेवीत आहे. माझा उजवा गुडघा व डावा डोळा निकामी आहेत. बुद्धी शाबूत आहे. तसा डॉ. सौदामिनी उदगीरकर यांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्यापूर्वी डॉक्टरीणबाईंनी मला आजची तारीख विचारली. ती मी सांगितली, आणि त्यांच्या दवाखान्याच्या बोर्डावरील खालची ओळ दीड बोट तिरपी आहे, हेही सांगितले.

वकील माधवराव नळेगावकर यांनी हा मजकूर टाइप करून देण्याची तयारी दाखविली होती. ज्याने चाळीस वर्षे इतरांची नावे हाताने लिहिली, त्याने स्वतःचे अखेरचे लेखन यंत्राकडून करून घ्यावे, हे मला पटले नाही. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. उदगीर येथील तीन खोल्यांचे राहते घर माझा एकुलता एक मुलगा व्यंकट यास द्यावे. मागील पत्र्याची शेड मात्र त्याची मुलगी शिवांगी हिची. व्यंकट नांदेड येथे नोकरीस असून तेथेच स्थायिक आहे. सन २००६ मध्ये त्याने माझ्या दोन शिड्या व परांचीचे बांबू मला न विचारता भंगारात घातले. "अप्पा, आता फ्लेक्सचा जमाना हाय. ही लाकडं कशाला सांभाळायलाव?" असे तो म्हणाला. जमान्याविषयी त्याचे म्हणणे बरोबर होते. शिड्या माझ्या होत्या. मी त्याला क्षमा केली आहे, असे तो समजतो. हे कलम वाचेपर्यंत त्याने तसेच समजावे.

कलम २. बँकेतील मुदत ठेवीतून माझ्या अंत्यविधीचा खर्च करावा. उरेल ते शिवांगीस द्यावे. माझी पत्नी कै. रत्नम्मा हिची चांदीची करदोड्याची साखळी शिवांगीचीच आहे. ती रत्नम्माने हयातीतच बोलून ठेवली होती.

कलम ३. माझे सर्व ब्रश, हात टेकविण्याची काठी व ओळ आखण्याची दोरी हदगाव येथील चित्रकला शिक्षिका बुद्धप्रिया कांबळे यांस द्यावी. माझ्याकडे शिकलेल्या अकरा जणांपैकी त्या एकट्या मुलगी होत्या. बाजारातील लोक खाली उभे राहून हसत असताना त्यांनी शिडीवर चढून पूर्ण ओळ लिहिली होती. हसणाऱ्यांपैकी तिघांची दुकाने अजून चालू आहेत. त्यांची नावे मी येथे लिहीत नाही, त्यांचे बोर्ड मी लिहिले होते.

कलम ४. माझ्या निधनानंतर चौकात माझ्या छायाचित्राचा फ्लेक्स लावू नये. ज्या वस्तूने माझा धंदा बुडविला, तिच्यावर हात जोडून उभे राहण्याची माझी इच्छा नाही. समाधीवर नाव घालायचे असल्यास शिवांगीने ब्रशने लिहावे. तिला लिहावेसे वाटले नाही तर दगड कोरा ठेवावा.

कलम ५. माझ्या हाताची अक्षरे, म्हणजे ड्रॉइंग कागदाचे दोनशे अकरा तक्ते, व त्यांवरून शिवांगीने तयार केलेला संगणकाचा फॉन्ट, यांवरील संपूर्ण हक्क शिवांगीचा राहील. हे कलम एका ओळीत संपले असते. तसे ते संपविता येत नाही, याचे कारण पुढे देत आहे.

शिवांगी लातूर येथे वेबसाइट तयार करण्याचा व्यवसाय करीत असे. पान कसे दिसावे हे ती ठरवी. ते प्रत्येकाच्या फोनवर तसेच उघडावे यासाठीचा प्रोग्राम तिचा भागीदार हरिओम लिही. हरिओम हा रेणापूरच्या शेतकरी घरातील. बोलणे कमी, जेवण व्यवस्थित. सहा वर्षे दोघांनी एका टेबलावर काम केले. त्या दोघांत व्यवसायापलीकडे काही होते काय, याची चौकशी मी केली नाही.

सन २०१९ पासून तीन वर्षे शिवांगी दर रविवारी उदगीरला येऊन माझ्याजवळ बसली. मी एक एक अक्षर व जोडाक्षर तक्त्यावर लिही, ती त्याची कड संगणकावर आखी. "अज्जा, आणखी एकदा काढा," असे ती मला म्हणे. मला असे म्हणण्याची हिंमत याआधी कोणी केली नव्हती. हरिओमने अशी व्यवस्था केली की, वेबसाइट उघडली की माझी अक्षरे तिच्यासोबतच यावीत. पाहणाऱ्याच्या फोनात ती आधीपासून असोत वा नसोत. माझे अक्षर शिडीविना एकाच वेळी देगलूरला व दुबईला दिसू लागले. तो काळ माझ्या आयुष्यातील उत्तम काळ होता.

एका अक्षरावरून आमचा वाद झाला. सन १९८९ मध्ये परांचीवरून पडून माझे मनगट मोडले. तेव्हापासून माझ्या 'झ'ची मधली रेघ खाली झुकते. शिवांगीने फॉन्टमध्ये ती सरळ केली.

"अज्जा, फोनवर ती चूक वाटायले."

"चूकच हाय. पर माझी हाय."

शेवटी मी ऐकले. म्हणून माझ्या तक्त्यांवरील झ झुकलेला आहे आणि फॉन्टमधील झ सरळ आहे.

कलम ६. जानेवारी २०२५ मध्ये एका संगणक कंपनीचे दोन प्रतिनिधी, एक तरुण व एक तरुणी, माझ्या घरी आले. जुन्या पेंटरांची अक्षरे जतन करावयाची आहेत, असे त्यांनी सांगितले. शाल व नारळ देऊन माझा सत्कार केला. वीस वर्षांत माझ्या कामासाठी कोणी घरी आले नव्हते. मी सर्व तक्ते बाहेर काढून दिले व त्यांनी दुपारभर त्यांची छायाचित्रे घेतली. जाताना त्या मुलीने फोन माझ्यापुढे धरला. त्यावर संमतीचा मजकूर होता.

"काका, निवांत वाचा. की मी समजावून सांगू?"

"मला वाचता येतं," मी म्हणालो.

मी चष्मा लावला. मजकूर इंग्रजी होता. मी तो चार मिनिटे वाचल्यासारखे केले. मधूनमधून मानही हलविली. त्या संपूर्ण पानात मला वाचता येणारा शब्द एकच होता व तो तळाशी होता: मान्य. मी आयुष्यात कोणत्याही कागदावर अंगठा लावलेला नाही. रेशनच्या दुकानातही मी सहीसाठी भांडलो आहे. त्या दिवशी मी त्या शब्दावर अंगठा ठेवला. मुलीने विचारले, "वाचलं ना, काका?" मी म्हणालो, "हाव, वाचलं." तिने फसविले, असे मी म्हणू शकत नाही. तिने दोनदा विचारले होते.

शिवांगीला मी शाल दाखविली. तक्त्यांचे सांगितले नाही. संमतीच्या मजकुरात काय लिहिले होते, असे तिने विचारले असते तर मला तो वाचता आला नव्हता, हे सांगावे लागले असते.

मार्च महिन्यात नांदेडच्या एका रुग्णालयाने शिवांगीला दिलेले चाळीस पानांचे काम काढून घेतले. तेथील व्यवस्थापकाने तिला फोनवर दाखविले की, काय हवे ते मराठीत लिहिले की यंत्र आपणच वेबसाइट तयार करते आणि अक्षरही निवडू देते. त्यांनी निवडलेले अक्षर माझे होते. "मॅडम, हे तर तुमच्या अज्जाचंच दिसायलंय. तुमी चार महिने मागितलाव, यानं चहा येईपर्यंत केलं बघा," असे तो म्हणाला. पुढील दोन महिन्यांत इतर ग्राहकही गेले.

रुग्णालयाचे काम गेले त्याच आठवड्यात शिवांगी हरिओमला घेऊन उदगीरला आली व माझ्या शेडमध्ये, माझ्यासमोर, तिने त्याला जाब विचारला. फेब्रुवारीत तो पुण्याला एका कंपनीत मुलाखतीस गेला होता, हे तिला कळले होते.

"फॉन्टची फाइल तुझ्याकडं होती. नोकरीसाठी दिलीस ना?"

"मी न्हाई दिली, शिवांगी."

"मग काय अज्जानं दिली?"

त्यावर हरिओम हसला. मी हसलो नाही. तिचा फोन माझ्या पुढ्यात होता. रुग्णालयाच्या पानावर 'माझे आरोग्य' असे लिहिले होते आणि त्यातील झ झुकलेला होता. फाइलमधून चोरी झाली असती तर तो सरळ असता. यंत्र माझ्या तक्त्यांवरून शिकले होते. रागात शिवांगीने ते पाहिले नाही. मी पाहिले, आणि फोन पालथा ठेवला.

हरिओम उठला, माझ्या पाया पडला व म्हणाला, "येतो आबा." त्यानंतर तो या घरी आला नाही. तो आता रेणापूरला एका दुकानात शेतकऱ्यांचे ऑनलाइन फॉर्म भरून देतो. शिवांगीने लातूरच्या कार्यालयाची जागा सोडली. यंत्राने केलेल्या पानांतील चुका शोधून देण्याचे काम तिला घरबसल्या मिळाले आहे. एकदा ती म्हणाली, "आधी मी करायची अन् दुसरं कोणी तपासायचं. आता ते करतंय अन् मी तपासायले. तेबी किती दिवस, म्हाईत न्हाई." तेव्हाही मी बोललो नाही. अशा रीतीने आठ महिने गेले.

वकीलसाहेबांमार्फत मी कंपनीस पत्र पाठविले. उत्तर सभ्य होते. छायाचित्रे पुसता येतील, परंतु यंत्र जे शिकले आहे ते काढून घेता येत नाही. माझ्याकडे शिकलेल्या अकरा जणांकडूनही मी काही काढून घेऊ शकत नाही. परंतु ते चार चार वर्षे माझ्या शिडीखाली उभे राहिले होते, आणि त्यांतील कोणीही माझ्या नातीचे काम नेले नाही.

तरी मी येथे लिहून देतो की, अक्षरे मी दिली. हरिओमने दिली नाहीत. त्याच्यावरील आळ खोटा होता व तो खोटा आहे, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते.

कलम ७. हे मृत्युपत्र माझ्या निधनानंतरच उघडावे, असा माझा बेत होता. माधवरावांनी मसुदा वाचला, चष्मा काढला व म्हणाले, "पेंटर, बेत झकास हाय. खरं बोलायचं तुमी, अन् ऐकायला तुमी नसणार." दुसऱ्या दिवशी साक्षीदार म्हणून हरिओमला बोलाविले. त्याला माझे हातातील घड्याळ द्यावयाचा विचार होता. परंतु साक्षीदाराने लाभ घेऊ नये, असे वकीलसाहेबांचे मत पडले. म्हणून त्याला देण्यासाठी माझ्याकडे कलम ६ एवढेच उरले.

ते मी त्याला स्वतः वाचून दाखविले.

"आबा, तिला सांगितलाव का?"

"न्हाई."

"मग मी सही करत न्हाई. आधी तिला बोलवा. मला कागद नको, तिला कळायला पायजे."

मी शिवांगीला फोन केला. ती दुपारच्या बसने लातूरहून आली. वाचून दाखवू लागलो तेव्हा तिने कागद माझ्या हातातून घेतले व स्वतः वाचले. मग तिने फोन काढून रुग्णालयाचे ते पान उघडले आणि झ पाहिला. तिने मला एवढेच विचारले, "आठ महिने, अज्जा?" हरिओमकडे ती पाहू शकली नाही. ती बाहेर ओट्यावर जाऊन बसली. थोड्या वेळाने हरिओमने आता सही करीन, असे सांगितले व तोही बाहेर गेला. ते काय बोलत आहेत किंवा बोलत आहेत काय, हे मला आतून कळत नाही.

मी दोघांचीही क्षमा मागितली आहे. ती मिळाली किंवा नाही, हे या लेखात नोंदविण्याचा अधिकार माझा नाही.

येणेप्रमाणे सर्व मजकूर मी लिहिला, वाचला, दोन्ही साक्षीदारांसमक्ष खाली सही केली व त्यांनी माझ्यासमक्ष सह्या केल्या.

स्थळ: उदगीर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

(सही) रामलिंग मडिवाळप्पा चिल्लरगे

साक्षीदार:
१. (सही) डॉ. सौदामिनी उदगीरकर, उदगीर
२. (सही) हरिओम बालासाहेब अकनगिरे, रेणापूर. शिवांगीने वाचल्यानंतर सही केली.