किनारीचा लाल धागा

प्रिय भिडस्ता,

दचकू नकोस. हे नाव मीच ठेवलं होतं तुला, लग्नाच्या पहिल्या वर्षी, शेजाऱ्यांनी नेलेली शिडी परत मागायला तू मला पुढे केलंस तेव्हा. त्या वेळी हसू आलं होतं. पाच वर्षांपूर्वी सह्या करून संपवलेल्या नवऱ्याला पत्रात काय म्हणायचं हे कुणी सांगून ठेवलेलं नाही, म्हणून जुनंच नाव काढलं. फोनच केला असता, पण फोनवर तू "हो हो, बघू" म्हणतोस आणि विषय तिथेच राहतो. पत्राला बघू म्हणून चालत नाही.

आज गुरुवार, आईंना रुग्णालयात भेटून आत्ताच घरी आले. त्यांना मी अजून आईच म्हणते, तेवढं तुझ्या वकिलाच्या कागदातून सुटलेलं दिसतंय. आधी त्यांची खुशाली. उजवा पाय आता बराच उचलतात. व्यायामाच्या हॉलमध्ये त्या दोन समांतर दांड्या आहेत ना, त्यांच्या मधून आज बारा पावलं गेल्या आणि थांबल्या. मला वाटलं, दमल्या. तर म्हणाल्या, डावीकडची दांडी अर्धं बोट खाली आहे. व्यायाम घेणाऱ्या बाई आधी हसल्या, मग टेप आणून मोजलं, तर खरंच खाली होती. उद्या मिस्त्री येणार आहे. सायकलवाल्याच्या धडकेनं डोक्यातली सहा वर्षं पुसली गेली, काल दुपारी कोण येऊन गेलं ते आज आठवत नाही, पण डोळा जिथल्या तिथे आहे.

तो डोळा मला ठाऊक नाही तर कुणाला! तीस वर्षं कापड कारखान्यात तपासणीच्या टेबलाशी उभ्या राहिलेल्या बाई त्या. एकदा मला कारखाना दाखवायला घेऊन गेल्या होत्या, तू कंटाळून फाटकाशीच थांबला होतास. उताराचं काचेचं टेबल, खालून दिवा, वरून सरकत येणारं कापड, आणि आई पापणीही न हलवता उभ्या. कुठे धागा तुटलेला दिसला की कापड थांबवायच्या आणि त्या जागी किनारीला लाल धाग्याची गाठ मारायच्या. कापायचं नाही, रफू करायचं नाही, लपवायचं तर नाहीच. घेणाऱ्याला दिसलं पाहिजे की इथे खोट आहे. मग ताग्यावरचा मागाचा नंबर बघून लिहायचं, हे विणलं कुणाच्या मागावर. घरी आल्यावर त्यांच्या टेबलावर माझाच तागा असायचा. चादरीच्या घड्या, टॉवेलची टोकं, माझं मोठ्यानं हसणं. तुझ्या बाजूचा दिवा मात्र कायम बंद.

चार महिन्यांपूर्वी तू चष्म्याच्या दुकानात माझ्यासमोर येऊन उभा राहिलास तेव्हा मी एक काच घासत होते, ती वाया गेली. आई सारखं माझं नाव घेतायत असं म्हणालास. घटस्फोट झालेला त्यांना आठवतच नाही, सुनेला बोलवा म्हणतात, डॉक्टर म्हणतात इतक्यात धक्का नको, फक्त दोन आठवडे ये. मंगळवारी आणि गुरुवारी अर्धी रजा काढून मी येऊ लागले. मालकांनी तोंड वाकडं केलं, ते त्यांच्या जागी बरोबरच होते. का आले ते विचारू नकोस. ज्या बाईनं मला कधी चांगलं म्हटलं नाही तिला मी हवी आहे, हे ऐकून बरं वाटलं असेल. दुसरं कारण शोधलं, सापडलं नाही.

आणि अंगठी. आई बोटं बघतात म्हणून तू पाकिटात घालून आणलीस. माझी जुनी मी तुला परत दिली होती, तीच असेल असं समजून लिफ्टमध्ये घातली, तर ती बोटात गरगर फिरायला लागली. तुझ्या आताच्या बायकोची, ते तेव्हाच कळलं. तुम्ही दोघांनी ती काढून द्यायचं कसं ठरवलं असेल याचा विचार मी मुद्दाम केला नाही. आईंनी पहिल्याच दिवशी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "हे तुझ्या मापाचं नाही." मग बोटांच्या व्यायामासाठी दिलेल्या पेटीतून लाल दोरा काढला आणि अंगठीला आतून गुंडाळून ती घट्ट करून दिली. वीस मिनिटं लागली. इतका वेळ त्यांनी माझा हात पूर्वी कधीच धरला नव्हता.

दोन आठवड्यांचे चार महिने झाले. तुझी बायको रविवारी तुझ्याबरोबर येते आणि आईंच्या लेखी ती "ऑफिसातल्या बाई" असते. आईंनी तिला चादरीची घडी तीनदा मोडून पुन्हा घालायला लावली असं वॉर्डातल्या नर्सनं सांगितलं. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी बसमध्ये एकटीच हसले. शेजारची बाई सरकून बसली. उतरेपर्यंत हसू गेलं होतं. तीही तुझ्या भिडेपायीच तिथे उभी असणार, घडी पुन्हा पुन्हा घालत.

आता वहीचं सांगते. आठवणीचे व्यायाम घेणाऱ्या थेरपिस्ट बाईंनी आईंना ती निळी वही दिली तेव्हा तू समोर होतास. पहिल्या पानावर बाईंनी ठळक अक्षरात लिहिलंय, या वहीत जे खरं आहे तेच लिहावं. आई रोज सकाळी आठला चष्मा लावतात आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतात. वहीत असेल तोच त्यांचा काल. आणि तिसऱ्या पानावर तुझं सुबक अक्षर: "सून मंगळवारी आणि गुरुवारी येते. बाकीचे दिवस घर सांभाळते. आम्ही मजेत आहोत." मजेत! आपण एकत्र राहत होतो तेव्हा हा शब्द तू कधी वापरल्याचं मला आठवत नाही. बाईंनी तुला तीनदा सांगितलं की आता हळूहळू सांगा, त्या पेलतील. तू तीनदा बघू म्हणालास.

घोळ माझ्यामुळे झाला. अपघातात आईंचा चष्मा फुटला आणि तू घरातला कुठलातरी जुना त्यांना दिलास. त्यांना अक्षर धड दिसत नाही, वहीवरून नुसतं बोट फिरवतात, हे तीन महिन्यांत तुझ्या लक्षात आलं नाही. गेल्या महिन्यात मी नंबर काढून घेतला आणि नवा चष्मा करून नेला, काचा माझ्याच हातानं घासून. पुढच्या मंगळवारी वही उघडली तर तिसऱ्या पानाच्या कडेला, पेटीतल्या बोथट सुईनं टोचून ओवलेला लाल दोरा. गुरुवारी दोन. मग जिथे जिथे तुझं अक्षर आणि त्यात मी, तिथे तिथे गाठ. मी विचारलं, आई, हे काय? त्यांनी दोरा बोटांत धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "मीच बांधलाय. म्हणजे इथे खोट असणार. काय ते आठवत नाही गं." आणि रडायला लागल्या. सासरे गेले तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. रोज सकाळी ही बाई तुझं वाक्य वाचते, त्यात काहीतरी चुकलंय हे तिला दिसतं, काय चुकलंय ते सापडत नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून तेच. धक्का बसू नये म्हणून तू तिला हे दिलंस. माझा तुझ्यावरचा राग एवढ्या वर्षांत निवत आला होता, त्या दिवशी तो पुन्हा पेटला.

आज गेले तेव्हा आई वही मांडीवर घेऊनच बसल्या होत्या. सतरा गाठी झाल्या होत्या, त्यांनी मोजल्या होत्या. म्हणाल्या, "अगं, इतक्या ठिकाणी खोट निघाली तर आम्ही सगळा तागाच परत पाठवायचो. तू तरी सांग." थेरपिस्ट बाई दाराशी होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी मानेनंच हो म्हटलं, आणि मी सांगितलं. वेगळे होऊन पाच वर्षं झाली. त्याला दुसरी कुणी आवडली. रविवारी येतात त्या ऑफिसातल्या बाई नाहीत. आई ऐकत राहिल्या. ओरडल्या नाहीत, कोसळल्या नाहीत, तू घाबरत होतास त्यातलं काही म्हणजे काही झालं नाही. एवढंच म्हणाल्या, "म्हणजे माग त्याचा." मी हो म्हटलं. मग त्यांनी एकेक करून सतराही गाठी सोडल्या, दोरे सरळ करून पेटीत ठेवले, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "आणि मी? मी तेव्हा तुला काय म्हटलं?"

त्यांनी काय म्हटलं होतं ते तुला माहीत आहे, कारण त्या दिवशी तूच त्यांना पाठवलं होतंस. तू कुठे होतास देव जाणे. माझ्यासमोर खुर्चीत ताठ बसून त्यांनीच मला सांगितलं, "त्याला आता तुझ्याबरोबर राहायचं नाही, आणि खोट तुझ्यातच असणार, नाहीतर माझ्या मुलानं बाहेर बघितलं नसतं." तीस वर्षांच्या तपासणीत त्यांनी एकदाच चुकीच्या मागाचा नंबर लिहिला, आणि तो तुझ्यासाठी. ते वाक्य मी पाच वर्षं जपून ठेवलंय. आज ते परत करता आलं असतं. त्या स्वतः विचारत होत्या, वही उघडी होती, मी पेन हातात घेतलंही होतं. लिहिलं असतं तर त्यांनी ते रोज सकाळी आठला वाचलं असतं, दर वेळी पहिल्यांदाच. किंवा लिहिता आलं असतं की आई, तुम्ही माझ्या बाजूनं उभ्या राहिलात. तेही त्यांनी रोज वाचलं असतं, आणि रोज त्याला गाठ मारली असती.

मग मी एवढंच केलं. आपण वेगळे झालो ते तिसऱ्या पानावर, तुझ्या ओळींखाली, तारखेसकट लिहिलं, त्यांच्यादेखत. खाली त्यांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत उतरवला आणि पुढची ओळ कोरी सोडली. त्या ओळीला लाल गाठ मी मारली. कशी मारायची ते आईंनीच शिकवलं, दोनदा चुकले तेव्हा हातावर चापटही दिली. हे पत्र त्या ओळीसाठी आहे. घरी येऊन लिहिलं, आता जाऊन तुझ्या दारातल्या पत्रपेटीत टाकते. उद्या सकाळी आठला आई चष्मा लावून त्या ओळीपर्यंत येतील आणि मान वर करून विचारतील, आणि मी तिथे नसेन. उद्या नाही, मंगळवारी नाही, पुढेही नाही. थेरपिस्ट बाई शेजारी बसणार आहेत, दुसरी खुर्ची त्यांनी तुझ्यासाठी ठेवलीय. मला सोडायचं होतं तेव्हा तू आईंना पाठवलंस. आईंना सांभाळायचं होतं तेव्हा मला पाठवलंस. आता पाठवायला कुणी उरलेलं नाही. अंगठी सोबत ठेवली आहे. आतला दोरा मी काढलेला नाही, तुझ्या बायकोला परत देण्याआधी तो तू काढ.

पाच वर्षांपूर्वीपर्यंत तुझीच,
वहीतली सून