झरोक्यावरची फळी

आबा, काल वरच्या मजल्यावरची न्हाणी बघून आलो आणि मुलाला सांगितलं, खिडकीला हवेची जाळी बसल्याशिवाय खोल्यांची किल्ली कुणाच्या हातात पडणार नाही. त्याला वाटलं, म्हातारपणाचा हट्ट. म्हणून तुम्हाला लिहायला बसलो.

लढाईची वर्षं होती. कर्जत स्टेशनच्या अंगाला आपल्या चार खोल्या, त्यातली कडेची रेल्वेतल्या, रुळांचे सांधे बदलणाऱ्या सांधेवाल्याला दिलेली. त्याची बायको तिथंच बाळंत झाली होती, पहिलटकरीण. मी नुकताच शाळेत मास्तर लागलो होतो. डोक्यात पोरांना शिकवायच्या कविता सोडून दुसरं काही नसे. अंधार पडला की उजेड बाहेर दिसता कामा नये असा सरकारी हुकूम निघाला, आणि त्या खोलीचा झरोका नेमका रुळांकडे. तुम्ही शिडीवर चढलाय, हातात फळी, दातांत खिळे. खाली शिडी धरून मी तुमच्या हातोडीच्या ठेक्यावर भुजंगप्रयात म्हणतोय. "मास्तर, वृत्त मागनं मोजा, आदी शिडी धरा," तुम्ही खिळ्यांआडूनच बोलता.

सांधेवाल्याची आई दारातून विचारते, "मालक, ह्यो बुजवला तर सुनंच्या शेकाचं काय?" बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवायची आणि वारा लागू नये म्हणून दार घट्ट लावायचं, ही घरोघरची रीत. तुम्ही हसलात. "खालापूरच्या भट्टीचा लाकडी कोळसा हाय ना, मावशी? त्याला धूर कुठला? धूर नाय तर भोक कशाला?" तिला पटलं. मलाही पटलं. वाईट तो धूर, एवढंच आपल्याला ठाऊक. लाल निखारा कसा गरीब, मुका वाटतो.

दिवेलागणीला ती म्हातारी भिंत धरत धरत ओटीवर आली. "डोकं फुटतंय माजं. सून ओ देईना. पोर बी रडंना." तुम्ही दार लोटून आत गेलात आणि बाजेची एक बाजू धरून ओरडलात, "उचल रं!" बाज, बाजेवर ती पोरगी, तिच्या कुशीत दुपट्यातलं मूल, सगळं आपण तसंच अंगणात आणलं. पौषातला बोचरा वारा. म्हातारी आडवी आली. "अवं मालक, वारं लागंल तिला! ओली बाळंतीण हाय!"

"लागू दे. वाऱ्यानंच वाचंल ती."

मग दुपट्यातून एक चिरका आवाज आला, आणि बऱ्याच वेळानं बाळंतिणीनं पाणी मागितलं. त्या चिरक्या आवाजाला कुठलंच वृत्त नव्हतं, पण इतक्या वर्षांनंतरही तो मला पाठ आहे.

दुसऱ्या दिवशी शेजारचे घरमालक समजूत घालायला आले. "शेगडी त्यांची, कोळसा त्यांचा, रीत त्यांची. तुमी कशाला तोंड पाडून बसलाय? कायद्यात मालकावर कायबी येत नाय."

"फळी माजी हाय," तुम्ही म्हणालात आणि उठून ती उखडलीत. हुकूमही मोडायचा नव्हता, तेव्हा झरोक्याला बाहेरून खाली तोंडाची लाकडी टोपी बसवलीत. हवा खेळेल, उजेड दिसणार नाही. दाराखालची फट तासून रुंद केलीत. आणि शेगडी पेटवून, दार लावून स्वतः आत जाऊन बसलात. बाहेर आईचा जीव टांगणीला. "अवं, हाय ना?" "हाय गं! गप झालो की समज." पुढं प्रत्येक नव्या भाडेकरूआधी तुम्ही असे त्याच्या खोलीत बसलात. शेजारी विचारायचे, "मालक, हे कितवं बाळंतपण?" तुम्हीही हसायचा, पण बसायचं काही सोडलं नाहीत.

आता वरच्या खोल्यांत मुंबईचं एक जोडपं येऊ घातलंय. न्हाणीत गॅसचा गिझर, आणि शेजारच्यांना दिसतं म्हणून खिडकी काचेनं कायमची बंद केलेली. धूर नाही, वास नाही, पण कोंडलेल्या हवेत त्या निखाऱ्यासारखाच विषारी वायू. मुलगा म्हणतो, "बाबा, करारात कलम टाकतो, गिझर भाडेकरूच्या जबाबदारीवर. सही घेतली की आपण मोकळे."

"सहीतून हवा येते का रे?"

"अहो, त्यांना राहायला तरी येऊ द्या. जाळी काय, नंतरही बसेल."

नाही म्हणालो. गवंडी उद्या येतोय. गिझर बाहेर गच्चीत जाईल, काच निघून जाळी बसेल, गॅसची जुनी नळी बदलली जाईल. नंतरच किल्ली. जोडप्याला थांबायचं नसेल तर त्यांनी दुसरं घर बघावं; हे घर असं मी देणार नाही.

हे पत्र टाकणार तरी कुठल्या पेटीत? पण एक सांगायचं राहिलं. मुलाला मी कायदाच सांगितला, आबा. घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम आहे, काही विपरीत झालं तर पोलीस आधी आपल्याच दारात येतील, असं खडसावलं, तेव्हा कुठं तो राजी झाला. तुमचं नाव काढलं नाही. काढलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि ती फळी तुम्ही ठोकत होता तेव्हा खाली शिडी मी धरली होती, ते मला त्याला सांगायचं नव्हतं.