उचकी

प्रिय श्रीहरी,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला फार उशीर झाला, रागावू नकोस. रोज लिहीन म्हणायचो आणि राहून जायचं. मिलमध्ये तुझ्या शेजारच्या मशीनवर होतो तेव्हाही माझं असंच होतं, तू ओळखतोसच.

इथे सुदामा नगरात सगळं ठीक आहे. नात निधी मोठ्या परीक्षेला बसते आहे, दिवसभर इंग्रजी शब्द घोकते. मी आठवीत शाळा सोडलेला, तरी तिच्याकडून एक शब्द शिकलो. फॉर्च्युइटस. म्हणजे कुणी न ठरवता, आपसूक जुळून आलेलं. लोक तो फक्त भाग्याच्या गोष्टीला लावतात, पण ती म्हणते खरा अर्थ नुसता योगायोग, बरा असो की वाईट. अवचित भेट झाली तर ती फॉर्च्युइटस. शब्द तिनं मला का शिकवला, ते सांगतो.

दिवाळीआधी जेवताना मला उचकी लागली. आपल्याकडची रीत, निधी एकेक नाव घेऊ लागली. देपालपूरच्या इरावतीचं, माझ्या चुलत बहिणीचं नाव आलं आणि उचकी थांबली. मला बरं वाटलं, आठवण काढत असेल. संध्याकाळी फोन लावला तर तिच्या मुलानं उचलला. म्हणाला, मामा, आई दुपारीच गेली.

मग सियागंजात जिरं घेताना पुन्हा लागली. दुकानदार म्हणाला, भिया, किसी का नाम लो. मी सहज मिलमधल्या आपल्या शंकररावाचं घेतलं. धडधाकट माणूस, आदल्या दिवशीच बागेत भेटला होता. उचकी तिथेच थांबली. घरी येऊन फोन केला, तर उचलणारा आवाज ओळखीचा नव्हता. मागे बायका रडत होत्या.

निधी म्हणाली, "आजोबा, टेन्शन नका घेऊ ना, हे फॉर्च्युइटस आहे." मी विचारलं, पुन्हा तसंच झालं तर? ती हसली. म्हणाली, दरवेळी झालं तर मग तो शब्द नाही चालणार. कोणता चालेल विचारलं, तर पुस्तकात बघते म्हणाली. अजून बघतेच आहे.

तेव्हापासून उचकी आली की मी तोंड मिटून बसतो. पाणी पितो, साखर चघळतो, नाव कुणाचंच घेत नाही. काल दुपारी मात्र काही केल्या थांबेना. सूनबाई, मधुरिमा, बिचारी काळजीनं नावं घेऊ लागली. मी हातानं नको नको म्हणत होतो. तिला वाटलं मला पाणी हवंय. माहेरची झाली, सासरची झाली, मग म्हणाली, "नाशिकचे श्रीहरीकाका."

घर एकदम शांत झालं. ती खूश होऊन चहा ठेवायला गेली.

तुझा नंबर माझ्याकडे आहे. कालपासून कितीदा फोन हातात घेतला. पण तुझ्याऐवजी दुसऱ्याच कुणी उचलला तर? तो आवाज मला ऐकायचा नाही रे. म्हणून हे पत्र. मुलाकडून निरोप धाडू नकोस. तुझ्या त्या तिरक्या अक्षरात दोन ओळी लिही, शिव्या दिल्यास तरी चालेल. पण लवकर कळव, श्रीहरी.

वाट बघणारा तुझाच,
अरविंद